‘जॉर्ज फिलिपार’ : पहिल्याच सफरीत भस्मसात झालेले फ्रेंच प्रवासी जहाज

एडनच्या आखाताच्या तोंडाशी, सोमालियाच्या किनाऱ्यावरील केप ग्वार्दाफुईपासून सुमारे १४५ सागरी मैलांवर, १६ मे १९३२ च्या उत्तररात्री ‘जॉर्ज फिलिपार’ या फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. योकोहामा ते मार्से असा परतीचा प्रवास करणारे हे जहाज आपली पहिलीच सफर पूर्ण करीत होते. आगीनंतर तीन दिवस ते जळत, धुमसत, लाटांबरोबर वाहत राहिले आणि १९ मे रोजी बुडाले. जहाजावर साडेसातशेच्या आसपास माणसे होती. त्यांतील ५४ जणांचा मृत्यू झाल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. मृतांमध्ये त्या काळचे फ्रान्समधील सर्वांत नावाजलेले वार्ताहर अल्बेर लोंद्र यांचा समावेश होता. या एका नावामुळे ही दुर्घटना सागरी इतिहासाबरोबरच वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासाचाही भाग झाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्रेंच प्रवासी जहाजे म्हटली की ले हाव्र ते न्यूयॉर्क या मार्गावरील ‘फ्रान्स’, ‘पारी’, ‘इल द फ्रान्स’ आणि ‘नॉर्मंडी’ ही नावे पुढे येतात. पूर्वेकडे, सुएझमार्गे हिंदी महासागरातून जाणारी फ्रेंच जहाजे त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वास्तविक, हिंदी महासागराच्या काठावर राहणाऱ्यांचा संबंध आला तो याच जहाजांशी.

मेसाजरी मारितीम आणि पूर्वेचा मार्ग

मेसाजरी मारितीम ही कंपनी १८५१ मध्ये स्थापन झाली. सरकारी टपाल वाहून नेण्याचे कंत्राट हा तिच्या व्यवसायाचा पाया होता आणि मार्से हे तिचे मुख्य बंदर. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर आणि हिंदी-चीनमध्ये फ्रेंच सत्ता स्थिरावल्यावर कंपनीचा पूर्वेकडील मार्ग फ्रान्सच्या साम्राज्याची मुख्य वाहिनी बनला. मार्सेहून निघालेली जहाजे पोर्ट सैद, सुएझ, जिबूती, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय आणि कोबे असे थांबे घेत योकोहामाला पोहोचत. पाँडिचेरी, मद्रास आणि कलकत्त्याकडे जाणारी शाखाही कंपनीने दीर्घकाळ चालविली. गव्हर्नर, कारकून, लष्करी अधिकारी, मिशनरी, रबराच्या मळ्यांचे व्यवस्थापक, सुटीवर मायदेशी जाणारी कुटुंबे आणि टपालाच्या थैल्या हा या जहाजांचा नेहमीचा भार असे.

डिसेंबर १९२८ मध्ये या मार्गावरील ‘पोल लका’ हे १९११ सालचे मोठे जहाज मार्से बंदरातच आगीत नष्ट झाले. त्याची जागा घेण्यासाठी ‘जॉर्ज फिलिपार’ बांधण्यात आले. आगीने गेलेल्या जहाजाच्या जागी आलेले जहाजही आगीनेच गेले. याला योगायोग म्हणता येईल; परंतु पुढील दशकात फ्रेंच जहाजांवर ज्या वारंवारतेने आगी लागल्या, ती पाहता योगायोग हा शब्द अपुरा पडतो.

जहाजाची बांधणी सें-नाझेर येथील ‘आतलिए ए शांतिए द ला ल्वार’ या गोदीत झाली आणि ६ नोव्हेंबर १९३० रोजी त्याचे जलावतरण झाले. कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांचेच नाव त्याला देण्यात आले. जलावतरणानंतर काही आठवड्यांतच, अंतर्गत सजावटीचे व यंत्रबसवणीचे काम चालू असताना, जहाजावर एकदा आग लागली. ती आटोक्यात आली, नुकसान भरून काढण्यात आले आणि जानेवारी १९३२ मध्ये जहाज पूर्ण झाले.

‘फेलिक्स रुसेल’, ‘जॉर्ज फिलिपार’ आणि ‘आरामिस’ ही एकाच आराखड्यावर आधारलेली तीन भावंडे होती. प्रत्येकी सुमारे १७ हजार टनांची ही जहाजे वाफेवर नव्हे, तर डिझेल इंजिनांवर चालत. कोळशाचा धूर नसल्याने उंच धुराड्यांची गरज उरली नव्हती. म्हणून त्यांना बुटकी, चौकोनी धुराडी बसविण्यात आली. गोल, उंच धुराड्यांना सरावलेल्या दर्यावर्दी डोळ्यांना ती विचित्र वाटली व त्यांची थट्टाही झाली. आतील सजावटीत मात्र कसलीच काटकसर नव्हती. ‘फेलिक्स रुसेल’मध्ये अंगकोरच्या ख्मेर शिल्पकलेचा, तर ‘आरामिस’मध्ये प्राचीन क्रीटच्या कलेचा आधार घेण्यात आला होता. ‘जॉर्ज फिलिपार’च्या दालनांतही लाकडी तावदाने, रोगण, पडदे आणि गालिचे यांची रेलचेल होती. समुद्रावर वैभव म्हणून जे मिरवले जाई, ते बहुतेक सारे ज्वलनशील होते. दिवे, पंखे, स्वयंपाकघर आणि वायुवीजन या सर्वांसाठी विजेचा मुक्त वापर हे या जहाजाचे आणखी एक आधुनिक वैशिष्ट्य. विजेच्या तारांचे जाळे लाकडी तावदानांच्या मागून सर्व केबिनांपर्यंत पोहोचलेले होते.

पहिली सफर

‘जॉर्ज फिलिपार’ २६ फेब्रुवारी १९३२ रोजी मार्सेहून निघाले. जहाज नष्ट करण्याच्या धमक्या आल्याची सूचना फ्रेंच पोलिसांनी निघण्यापूर्वीच कंपनीला दिली होती. तो काळही शंकेला पोषक होता. जानेवारीच्या अखेरीस शांघायमध्ये जपानी व चिनी फौजांमध्ये लढाई पेटली होती आणि पूर्वेकडे जाणाऱ्या कोणत्याही जहाजाच्या पोटात शस्त्रे असल्याची वदंता सहज उठत असे. जहाज मात्र निर्विघ्नपणे योकोहामाला पोहोचले आणि परतीला लागले.

परतीच्या वाटेवर शांघायला अल्बेर लोंद्र जहाजावर चढले. कोलंबोनंतर जहाज अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखाताकडे वळले. या टप्प्यात मौल्यवान धातू ठेवलेल्या कोठाराची आगसूचक घंटा दोनदा वाजली. दोन्ही वेळा तपासणी झाली आणि आग आढळली नाही.

१६ मे रोजी पहाटे दोनच्या सुमारास खरी आग लागली, ती कोठारात नव्हे, तर एका आलिशान केबिनमध्ये. तेथील महिला प्रवाशाला दिव्याच्या बटणाजवळ बिघाड झाल्याचे जाणवले व तिने नोकरांना बोलावले. कप्तान व्हिक यांच्यापर्यंत वार्ता पोहोचण्यास विलंब झाला आणि तोवर आग तावदानांच्या मागून आणि वायुवीजनाच्या नळांतून शेजारच्या मार्गिकांत शिरली होती. कप्तानाने जहाजाचा वेग वाढवून ते अरबस्तानच्या किनाऱ्याकडे नेण्याचा व तेथे उथळ पाण्यात रुतविण्याचा निर्णय घेतला. जहाज किनाऱ्याला लावले की निदान माणसे वाचतात, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब त्यामागे होता. पण वेग वाढताच समोरचा वारा आगीला भात्यासारखा मिळाला. ज्वाळा पुढून मागे पसरत गेल्या. इंजिनघर रिकामे करावे लागले आणि जहाज समुद्रावर निराधार तरंगू लागले. त्यानंतर जहाज सोडण्याचा आदेश देण्यात आला आणि बिनतारी यंत्रावरून मदतीची हाक गेली.

वीज गेल्यामुळे आतील मार्गिका अंधारल्या होत्या. उकाड्याच्या दिवसांत बहुतेक प्रवासी झोपेत होते. धुरामुळे जिन्यांकडे जाण्याचा मार्ग अनेकांना सापडला नाही. काहींनी केबिनच्या गोल खिडक्यांतून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, काहींनी सरळ समुद्रात उड्या घेतल्या. काही सुरक्षानौका ज्वाळांत सापडून निकामी झाल्या. तरीही बहुसंख्य प्रवासी व खलाशी वाचले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी हा समुद्र खवळण्यास अद्याप काही आठवडे अवकाश होता आणि त्या रात्री पाणी शांत होते. हीच दुर्घटना जूनच्या उत्तरार्धात घडली असती, तर मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता.

मदतीला आलेली तीन जहाजे

सर्वप्रथम पोहोचले ते ‘सोव्हेत्स्काया नेफ्त’ हे सोव्हिएत तेलवाहू जहाज. तेलवाहू जहाजाने जळत्या जहाजाच्या जवळ जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही खलाशाला सांगावे लागत नाही. तरीही त्या जहाजाने आपल्या नौका उतरवल्या आणि एकट्याने ४२० जणांना उचलले. फ्रान्समधील बरीच वृत्तपत्रे त्या काळी सोव्हिएत राजवटीविरुद्ध आग ओकत होती. त्यामुळे या बचावाची बातमी त्यांना काहीशी अडचणीची ठरली असल्यास नवल नाही.

पाठोपाठ ‘कॉन्ट्रॅक्टर’ आणि ‘महसूद’ ही दोन ब्रिटिश मालवाहू जहाजे आली. ‘कॉन्ट्रॅक्टर’ने १२९ आणि ‘महसूद’ने १४९ जणांना वाचविले. ‘महसूद’ हे कलकत्त्याशी व्यापार करणाऱ्या ब्रॉकलबँक कंपनीचे जहाज. महसूद हे वजिरीस्तानातील एका पठाण टोळीचेही नाव आहे. या दोन्ही जहाजांनी आपल्याकडील माणसे एडनला उतरवली. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी घेतल्यापासून एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. त्याच १९३२ साली तो मुंबईकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत देण्यात आला. म्हणजे होरपळलेले, अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांनिशी आलेले हे फ्रेंच प्रवासी ज्या बंदरात उतरले, तेथील प्रशासन हिंदुस्थानचेच होते. सोव्हिएत जहाजावरील प्रवाशांना ‘आंद्रे लबों’ या फ्रेंच जहाजावर हलवून जिबूतीला नेण्यात आले आणि तेथून ते मायदेशी परतले.

अल्बेर लोंद्र

मृत्युसमयी लोंद्र यांचे वय ४७ वर्षे होते. १८८४ मध्ये विशी येथे त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन तोफांनी रेम्सच्या कॅथेड्रलवर केलेल्या माऱ्याचे त्यांनी पाठविलेले वृत्त गाजले आणि त्यांचे नाव झाले. त्यानंतर त्यांनी युद्धवार्तांपुरते स्वतःला मर्यादित ठेवले नाही. १९२३ मध्ये फ्रेंच गयानातील काळ्या पाण्याच्या वसाहतीत जाऊन त्यांनी तेथील कैद्यांचे हाल लिहिले. शिक्षा भोगून झाल्यावरही कैद्यांना तितकीच वर्षे वसाहतीतच काढावी लागत, ही गोष्ट सामान्य फ्रेंच वाचकाला त्यांच्या लेखमालेतून ठसठशीतपणे कळली. त्या वसाहतीविरुद्धच्या लोकमतात या लेखनाचा मोठा वाटा मानला जातो. पुढे त्यांनी उत्तर आफ्रिकेतील लष्करी तुरुंग आणि फ्रान्समधील वेड्यांची इस्पितळे यांवर लिहिले. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत रेल्वे बांधण्यासाठी लावलेल्या वेठबिगारीवर त्यांनी १९२९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा वसाहतवादी वर्तुळात मोठा गदारोळ झाला.

आशिया त्यांना नवा नव्हता. १९२२ च्या दौऱ्यात ते जपान व चीनबरोबर हिंदुस्थानातही आले होते आणि असहकार चळवळीने ढवळून निघालेल्या या देशाचे वर्णन त्यांनी फ्रेंच वाचकांसाठी लिहिले होते. १९३२ मध्ये ते पुन्हा चीनमध्ये गेले. शांघायच्या लढाईच्या पार्श्वभूमीवर त्यांना एक मोठा विषय सापडला असल्याचे त्यांनी जहाजावर सोबतच्या एका फ्रेंच दांपत्याला सांगितले होते. अफू, शस्त्रास्त्रांचा व्यापार आणि चीनमधील राजकारण यांची नावे त्या संदर्भात नंतर घेतली गेली. त्यांची टिपणे जहाजाबरोबर गेली.

त्यांच्या अखेरच्या क्षणांविषयी जहाजावरील एका यांत्रिक अधिकाऱ्याची हकीगत प्रसिद्ध आहे. तीनुसार लोंद्र केबिनमध्ये अडकले होते व खिडकीतून बाहेर पडू पाहत होते. वरून त्यांच्याकडे पाण्याची नळी सोडण्यात आली, परंतु तिच्या आधाराने वर येण्याचा प्रयत्न सफल झाला नाही आणि ते समुद्रात पडले. त्यांचा मृतदेह मिळाला नाही.

ज्या दांपत्याला त्यांनी आपल्या शोधाविषयी सांगितले होते, ते आगीतून बचावले. लवकर पॅरिस गाठण्यासाठी त्यांनी विमानाचा मार्ग पत्करला आणि काही दिवसांतच ते विमान इटलीत कोसळून दोघेही मरण पावले. एवढ्यावर संशयाचे इमले उभे राहिले नसते तरच आश्चर्य. लोंद्र यांचे लिखाण दडपण्यासाठी जहाज पेटवले, असा तर्क तेव्हापासून आजतागायत मांडला जातो. निघण्यापूर्वीच्या धमक्या, कोठारातील घंटा, लोंद्र यांचे सूचक बोलणे आणि विमान अपघात हे दुवे एका ओळीत ठेवले की कथा आपोआप तयार होते. मात्र घातपाताचा निर्णायक पुरावा कधीही पुढे आला नाही. चौकशीत बोट दाखविले गेले ते विद्युत व्यवस्थेकडे. गोदीत असतानाच एकदा पेटलेले जहाज, लाकडी तावदानांमागे दडलेल्या तारा आणि दिव्याच्या बटणापाशी सुरू झालेली आग यांचा विचार करता हेच स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. ते कमी रोमहर्षक असले, तरी कमी गंभीर नाही. घातपात करणारा एखादा असतो. सदोष तारा एकाच वेळी अनेक जहाजांवर असू शकतात.

लोंद्र यांची कन्या फ्लोरिस हिने वडिलांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि तो १९३३ पासून देण्यात येऊ लागला. फ्रेंच भाषेतील पत्रकारितेचा तो आज सर्वोच्च सन्मान समजला जातो.

आगींची मालिका

‘जॉर्ज फिलिपार’ बुडाल्यास आठ महिनेही झाले नव्हते, तोच ४ जानेवारी १९३३ रोजी ‘लातलांतिक’ हे सुमारे ४० हजार टनांचे फ्रेंच जहाज इंग्लिश खाडीत पेटले. ते दुरुस्तीसाठी ले हाव्रला चालले होते, त्यामुळे त्यावर प्रवासी नव्हते. तरी १९ खलाशी मृत्युमुखी पडले. १९३८ मध्ये ‘लाफायेत’ आणि एप्रिल १९३९ मध्ये ‘पारी’ ही जहाजे ले हाव्र बंदरात जळाली. ‘पारी’ तर धक्क्याशीच कलंडले. आगप्रतिबंधक उपायांचा गाजावाजा करून १९३५ मध्ये सेवेत आलेले ‘नॉर्मंडी’ फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर, सैनिकी जहाजात रूपांतराचे काम चालू असताना, कापणीयंत्राच्या ठिणग्यांनी पेटले आणि आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भारानेच आडवे झाले.

हा रोग केवळ फ्रेंच जहाजांचा नव्हता. सप्टेंबर १९३४ मध्ये ‘मॉरो कॅसल’ हे अमेरिकी जहाज जळून १३० हून अधिक माणसे मेली. ‘टायटॅनिक’नंतरच्या दोन दशकांत सागरी सुरक्षेचा विचार प्रामुख्याने बुडण्याच्या भीतीभोवती फिरत राहिला. सुरक्षानौका, जलरोधक कप्पे आणि बिनतारी यंत्रणा यांवर नियम झाले. आगीचा विचार मागे पडला. जहाजाचा सांगाडा पोलादी असला, तरी प्रवासी राहतो ते लाकडाच्या व कापडाच्या पेटीत, ही गोष्ट या आगींनी पुढे आणली. जहाजाचे आगरोधक विभाग पाडण्याचे आणि सजावटीत न जळणारे साहित्य वापरण्याचे नियम नंतरच्या आंतरराष्ट्रीय करारांत, विशेषतः १९४८ च्या करारात, अधिक काटेकोर झाले.

उरलेली दोन भावंडे

‘जॉर्ज फिलिपार’च्या दोन्ही भावंडांचा पुढील इतिहास हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडला गेला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ‘फेलिक्स रुसेल’ ब्रिटिशांच्या ताब्यात आले. २३ जानेवारी १९४२ रोजी मुंबईहून सिंगापूरकडे निघालेल्या सैनिकी तांड्यात ते होते. ५ फेब्रुवारीला सिंगापूरजवळ जपानी विमानांनी या तांड्यावर हल्ला केला. त्यात ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ हे जहाज गेले. ‘फेलिक्स रुसेल’वरही बॉम्ब पडले, पण ते बंदराला लागले, सैनिक उतरवले आणि सिंगापूर सोडणाऱ्या स्त्रिया-मुलांना घेऊन परत फिरले. दहा दिवसांनी सिंगापूर पडले.

‘आरामिस’ सायगावमध्ये अडकून पडले होते. १९४२ मध्ये जपान्यांनी ते ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘तेईआ मारू’ ठेवले. ऑक्टोबर १९४३ मध्ये हेच जहाज गोव्यातील मुरगाव बंदरात आले. पोर्तुगाल युद्धात तटस्थ असल्याने जपान व अमेरिका यांच्यातील नागरी नजरबंदांच्या अदलाबदलीसाठी मुरगाव निवडण्यात आले होते. ‘तेईआ मारू’वर जपानव्याप्त प्रदेशांतून आणलेले सुमारे १,५०० अमेरिकी व अन्य पाश्चात्त्य नागरिक होते आणि ‘ग्रिप्सहोम’ या स्वीडिश जहाजावर तितकेच जपानी. दोन्ही जहाजांवरील माणसांची येथे अदलाबदल झाली आणि काही दिवसांनी जहाजे आपापल्या दिशेने निघून गेली. सैनिकांना नेण्याच्या कामी लागलेले ‘तेईआ मारू’ १८ ऑगस्ट १९४४ रोजी फिलिपिन्समधील लुझॉन बेटाजवळ ‘रॅशर’ या अमेरिकी पाणबुडीने बुडविले. त्या वेळी अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

‘फेलिक्स रुसेल’ युद्धातून वाचले आणि मेसाजरी मारितीमच्या पूर्वेकडील मार्गावर पुन्हा रुजू झाले. १९५५ मध्ये ते विकले गेले आणि ‘अरोसा सन’ या नावाने काही वर्षे अटलांटिकवर फिरले. त्यानंतर नेदरलँड्समधील आयमाउडेन येथे पोलाद कारखान्याच्या कामगारांचे तरंगते वसतिगृह म्हणून त्याचा वापर झाला. १९७४ मध्ये ते स्पेनमध्ये मोडीत काढण्यात आले.